सात मीटर पिवळं सॅटिन

प्रश्न : मी ४३ वर्षांची, बँकेत नोकरी करते. येत्या मे महिन्यात आम्ही चौघं कॅलिफोर्नियाला नणंदेकडे जातोय. तिचं घर अर्वाइनला आहे. तिथून डिस्नीलँड जवळ, म्हणून दोन दिवस त्यासाठी ठेवलेत. आईच्या पायाच्या मशीनवर मी लहानपणापासून शिवते. गेले पाच महिने रात्री जागून तीन पोशाख शिवले. मुलीला (वय ८) लांब केसांच्या राजकन्येचा, रॅपन्झेलचा जांभळा झगा, मुलाला स्टार वॉर्स सिनेमातल्या जेडाय योद्ध्याचा तपकिरी झगा आणि मला 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधल्या बेलचा पिवळा घेरदार गाऊन. सात मीटर सॅटिन, आत कॅनकॅन, वरून टिश्यू. मागच्या आठवड्यात नणंदेला फोटो पाठवला तर ती हसत सुटली. "अगं वहिनी, मोठ्यांना तिथे असलं घालून आत सोडतच नाहीत. गेटवर हसं होईल!" शोधलं तर खरंच तसा नियम आहे, चौदा आणि त्यापुढच्यांना मनाई. मुलाला एप्रिलमध्येच चौदा पूर्ण होतात. नवरा म्हणतो, "तेरा सांगू, दिसतो तर अकराचा. आणि तू वरून लांब कोट घाल, आत गेल्यावर काढ." सासूबाई "आता या वयात?" एवढंच म्हणाल्या. मुलगा "ठीक आहे" म्हणतो. मला रडू येतं आणि रडू येतं याची लाजही वाटते. चाळिशीतल्या बाईने राजकन्येचा झगा घातला तर कुणाचं काय बिघडतं? आणि त्या झग्याचं आता करू काय?

— पिवळा झगा, डोंबिवली

उत्तर : तुमच्या नणंदेच्या तोंडून एका दमात दोन गोष्टी निघाल्या. मोठ्यांना सोडत नाहीत, ही एक. हसं होईल, ही दुसरी. पहिली नियमात लिहिलेली आहे. दुसरी नियमात कुठेच नाही, ती तिची पदरची भर. पण फोन ठेवल्यापासून तुमच्या मनात दोन्ही एकाच शिवणीत बसल्या आहेत. आज ती शिवण उसवायची आहे. काय घालायचं, कुठे घालायचं, हे त्यामानाने सोपं काम.

आधी वयाचा हिशेब बघा, कारण तो मजेशीर आहे. डिस्नीलँडच्या तिकीटखिडकीवर मूल दहाव्या वर्षीच 'मोठं' होतं, मुलांचं तिकीट तीन ते नऊ वर्षांपर्यंतच. एकट्याने बागेत शिरायला मात्र चौदा पूर्ण असावे लागतात, त्याहून लहान मुलाबरोबर निदान चौदा वर्षांचं कुणीतरी हवं. आणि पोशाखाची रेघही याच चौदाव्या वर्षावर मारली आहे. तेरापर्यंतच्या मुलांनी हवा तो वेष करावा, तोंडावर मुखवटा असेल तर तो पूर्ण चेहरा झाकणारा नसावा आणि डोळे दिसावेत, एवढंच. म्हणजे ज्या वाढदिवसाला तुमच्या लेकाला एकटं आत जायची परवानगी मिळाली, त्याच वाढदिवसाला त्याचा झगा गेला. मला यात दुष्टपणापेक्षा एक प्रकारचा हिशेबीपणा दिसतो. मोठा झालास ना, मग आता तू पाहुणा, खेळातलं पात्र नव्हेस.

हा नियम इतका कडक का, याची दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत.

पहिलं कारण सुरक्षेचं. डिसेंबर २०१५ च्या सुरुवातीला सॅन बर्नार्डिनोत गोळीबार झाला. ते शहर अ‍ॅनाहाइमच्या बागेपासून, म्हणजे तुमच्या डिस्नीलँडपासून, गाडीने तासाभरावर आहे. त्याच्या आदल्या महिन्यात पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ला झाला होता. १७ डिसेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या मोठ्या थीम पार्कांनी दारात मेटल डिटेक्टर बसवले. डिस्नीने त्याच दिवशी खेळण्यातल्या बंदुका दुकानांतून काढून टाकल्या आणि चौदा आणि त्यापुढच्यांचे वेष बंद केले. घेरदार झग्यात, लांब अंगरख्यात, मुखवट्याखाली काय आहे हे दारावरच्या माणसाला कसं कळणार? तुमच्या कॅनकॅनमध्ये नेटच्या चार थरांखेरीज काही नाही हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. त्याला नाही.

दुसरं कारण मला जास्त पटतं. ते सांगायला जरा आमच्या गावाकडे जावं लागेल.

मी सावंतवाडीकडची. जत्रेला दशावतारी नाटक असायचं, रात्रभर. सहा-सात वर्षांची असताना मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि चुकून रंगपटाच्या मागे गेले. तिथे मघाशी ज्याला माझ्या आजीने हात जोडले होते तो विष्णू मुकुट मांडीवर घेऊन, एक पाय पसरून विडी ओढत बसला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गो, झोप येणा नाय?" बिचारा प्रेमानेच म्हणाला. पण मी पुढचं नाटक पाहिलं नाही, आजीच्या कुशीत तोंड खुपसून पडून राहिले. त्या माणसाने काय बिघडवलं होतं माझं? काही नाही. तो दमला होता, त्याला विडी हवी होती. तरी काहीतरी गेलं ते गेलंच.

डिस्नीची सगळी बाग त्या रंगपटाच्या पडद्यावर उभी आहे. तिथे कामाला असलेल्यांना नोकर म्हणत नाहीत, 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकमंडळीतले. पात्राच्या वेषातला माणूस मुलांसमोर कधी मुकुट काढत नाही, फोनवर बोलत नाही, वडापाव खात नाही (बरं, तिथला तळलेला गोड चुरो म्हणू). एक बेल या दाराशी असताना दुसरी बेल त्या कोपऱ्यावर दिसू नये याची ते काळजी घेतात. मुलं हातात सह्यांची वही घेऊन फिरतात आणि राजकन्यांना भेटायला फँटसी फेअरपाशी रांग लावतात. आता त्यात तुम्ही कल्पना करा. सात मीटरचा घेर, नीट बसलेलं अंग, केसांचा अंबाडा. चार वर्षांची एक पोर धावत येऊन तुमच्या कमरेला मिठी मारते आणि वही पुढे करते. तुम्ही काय कराल? सही केलीत तर तिला फसवलंत. "मी ती नव्हे, बाळा" म्हणालात तर तिची विडी झाली. आणि पंधरा मिनिटांनी तुम्ही एका बाकावर बसून नवऱ्याला "सनस्क्रीन कुठे ठेवलंस?" म्हणून मराठीत झापत असाल, तेही ती बघणार.

म्हणून म्हणते, हा नियम तुमच्या वयाला हसत नाही. त्याला धास्ती आहे ती तुमच्या शिवणाची. पडदा गुंडाळल्यासारखा दिसणारा झगा घालून कुणी आलं तर पोरं काय धावत जाणार नाहीत. पण प्रत्येकाचा झगा किती बरा शिवलाय हे दारावर ठरवत बसलं तर रांग संध्याकाळपर्यंत हलायची नाही, म्हणून सरसकट वयाची रेघ. तुम्ही पाच महिने नीट शिवलंत, त्यामुळे तुम्ही रेघेच्या पलीकडे आहात आणि नियमाच्या मूळ हेतूच्याही पलीकडे. तुमच्या नणंदेला हे सांगा, किंवा नका सांगू.

सगळंच कौतुकाचं आहे असंही नाही. २०१९ च्या मे महिन्यात तिथे स्टार वॉर्सचा 'गॅलक्सीज एज' हा भाग उघडला, तेव्हा तिथल्या दुकानात मोठ्यांच्या मापाचे जेडाय अंगरखे विकायला होते, आणि विकत घेतलेला अंगरखा मोठ्या माणसाने बागेत घालायचा नाही असाही नियम होता. पैसे घ्यायचे आणि घडी पिशवीत ठेवायला सांगायची. माझ्या आजीने त्याला एक शब्द वापरला असता, तो इथे छापता येणार नाही. आणि पोशाखाबद्दल या बागेने नाक मुरडणं काही आजचं नव्हे. १९६० च्या दशकात लांब केसांच्या तरुणांना दारातून परत पाठवत. ६ ऑगस्ट १९७० ला यिप्पी म्हणवणारे शेकडो बंडखोर तरुण आत शिरले, दंगा झाला आणि त्या संध्याकाळी बाग वेळेआधी बंद करावी लागली. वॉल्ट डिस्नी स्वतः मिशी राखून होते, पण बागेतल्या कामगारांना मिशी ठेवायची मुभा मिळाली ती २००० साली, दाढीची २०१२ मध्ये. आणखी गंमत अशी, की १९५५ च्या जुलैत बाग उघडली तेव्हा मिकी-मिनीचे वेषसुद्धा त्यांचे स्वतःचे नव्हते. बर्फावर नाच करणाऱ्या 'आइस कपेड्स' या कंपनीकडून ते आणले होते. म्हणजे उसन्या कपड्यांवर सुरू झालेलं हे दुकान! आज तेच घरी शिवलेल्या कपड्यांना अडवतं. नियम बदलत आलेत, हाही कधीतरी बदलेल. तुमच्या मे महिन्यापर्यंत नाही.

तर आता कोट. नवऱ्याला सांगा, नाही. सॅटिनचा घेर कोटाखाली लपत नाही, हे त्यांना शिवणातलं काही कळत नाही म्हणून सुचलं. कॅनकॅनवर कोट चढवलात तर तुम्ही झाकलेल्या पिंपासारख्या दिसाल आणि मे महिन्यात असा कोट घातलेल्या बाईकडे दारावरचा माणूस आधी बघणार. एकावर एक थर असलेले कपडे तपासायचा त्यांना हक्क आहे. समजा आत पोचलात. कोट काढल्यावर पाच-दहा मिनिटांत कुणीतरी अगदी गोड हसत येईल आणि कपडे बदलायला सांगेल. बदलायला काही नसेल तर बाहेर जायला सांगेल. एका दिवसाचं मोठ्यांचं तिकीट शंभर डॉलरच्या वर आहे. पण माझा जीव पैशासाठी तुटत नाही. तुमची आठ वर्षांची मुलगी रॅपन्झेलच्या झग्यात शेजारी उभी राहून हे बघेल. तिच्या लक्षात त्या दिवसातलं तेवढंच राहील.

आणि मुलाचं वय. अहो, एसटीत हाफ तिकिटासाठी कंडक्टरसमोर वय चोरणारी आपली पिढी. माझा भाऊ तीन वर्षं अकराचाच होता. कंडक्टरने त्याच्या फुटलेल्या मिशीकडे बघून "हा अकरा कधीपासून आहे?" असं विचारलं तेव्हा सगळी गाडी हसली आणि त्यानंतर तो वडिलांबरोबर एसटीत बसायला तयार नसे. मुलाला नुकताच चौदावा वाढदिवस साजरा करून, केक कापून, महिन्याभरात "तू तेरा" म्हणून सांगायचं? दारात पासपोर्ट मागतील न मागतील, तो भाग वेगळा. ज्या पोराला आपण आता 'मोठा हो' म्हणतोय त्यालाच गेटवर लहान करायचं, हे मला बरोबर दिसत नाही.

शिवाय एक विचारू? त्याला तो झगा घालायचा होता का? पत्रात तुमचा शब्द आहे, सासूबाईंचा आहे, नवऱ्याचा, नणंदेचा आहे. त्याचा एकच शब्द आहे, "ठीक आहे." चौदा वर्षांच्या मुलाच्या 'ठीक आहे'चे डझनभर अर्थ असतात आणि त्यातला एक "सुटलो बुवा" हा असतो. तुम्ही पाच महिने जागून शिवताय हे तो बघत होता, म्हणून गप्प असेल. किंवा खरंच हिरमुसला असेल. मशीनचं काम आटोपल्यावर एकदा त्याला एकट्याला विचारा, आणि उत्तर "सुटलो" निघालं तर हसून घ्या. झगा पुढच्या गॅदरिंगला कामी येईल.

आता घालायचं काय, ते बघू. या नियमाच्या कुंपणाला लागूनच मोठ्या माणसांनी एक छान पायवाट पाडली आहे. तिला डिस्नीबाउंडिंग म्हणतात. लेस्ली के नावाच्या एका कॅनेडियन तरुणीने २०११ मध्ये ती सुरू केली. ती डिस्नीच्या सहलीला निघाली होती आणि जाण्याआधी पात्रांच्या रंगांवरून रोजच्या कपड्यांच्या जुळण्या करून दाखवू लागली, म्हणजे वेष न करता पात्र 'नेसायचं'. रंग त्याचा, कपडे तुमचे. आज बागेत गेलात तर शंभर माणसं अशी सापडतील. लाल चड्डी, पिवळे बूट, काळा टीशर्ट, झाला मिकी. दारावर कुणी अडवत नाही, उलट कास्ट मेंबर ओळखून डोळे मिचकावतात. त्याच वर्षी सुरू झालेला 'डॅपर डे' नावाचा प्रकारही आहे. त्या दिवशी लोक जुन्या काळच्या नटून-थटून फिरायच्या ढंगात येतात, हॅट, हातमोजे, इस्त्रीचे सूट. तोही वेष नव्हे, नुसता थाट.

तुम्हाला मी एक कसोटी देते, ती माझी स्वतःची आहे, कुठल्या नियमावलीतली नाही. आरशासमोर उभ्या राहा. दहा पावलांवरून चार वर्षांच्या मुलीने "बेल!" म्हणून धाव घ्यावी असं वाटत असेल तर बदला. विशीतल्या मुलीने दोन क्षण बघून "अरेच्चा, बेल!" म्हणावं असं असेल तर निघा. (बेल म्हणजे शंकराचा नव्हे, एवढं सासूबाईंना सांगून ठेवा.)

आणि इथे तुमच्या हातात असं काही आहे जे त्या कॅनेडियन मुलीकडे नव्हतं. साडी आणि सलवार-कुर्ता हे तुमचे रोजचे कपडे आहेत, तो वेष होत नाही. हळदी रंगाचा सुती कुर्ता, गुडघ्याच्या जरा खाली. त्याला तुमच्या उरलेल्या टिश्यूची पट्टी बाह्यांना लावा. अर्धे केस वर, अर्धे मोकळे, आणि एक लाल गुलाब. खरा नको, दुपारपर्यंत कोमेजतो, कापडाचा करा. ब्लाउजपीसच्या तुकड्यातून गुलाब वळायला तुम्हाला दहा मिनिटं लागतील. खांद्याला पुस्तकाच्या आकाराची पर्स मिळाली तर बहारच, कारण बेलचं खरं वेड पुस्तकांचं. पिवळ्या साडीचाही मोह होईल, मलाही झाला असता. पण पाळण्यांवर चढता-उतरताना निऱ्या पायात येतात, जमिनीवर घासणाऱ्या कपड्यांना तिथे तसाही आक्षेप आहे, आणि पदर फडफडत राहिला तर तिथले लोक घाबरतात. नेसायचीच असेल तर नऊवारी नेसा. काष्टा घातलेल्या बाईला कुठल्याही पाळण्यावर बसता येतं, हे आपल्या आज्यांनी झाडावर चढून सिद्ध केलंय.

लेकाचंही तसंच, त्याची इच्छा असेल तर. फिक्या मातकट रंगाचा टीशर्ट, तपकिरी जॅकेट, रुंद चामडी पट्टा. प्रकाशाची तलवार तिथेच मिळते आणि ती हातात घेऊन मोठे-मोठे बाप्ये फिरतात, त्याला आडकाठी नाही. खेळण्यातली बंदूक मात्र सामानातसुद्धा नको.

जांभळा झगा खुशाल न्या. तुमची मुलगी आठची, तिला तो नियम लागतच नाही. पण आईच्या नजरेतून न बघता दर्जिणीच्या नजरेतून बघा. घोट्यापर्यंत असू दे, त्याखाली एक इंचही नको. मे महिन्यात उन्हात बारा तास कृत्रिम सॅटिन अंगाला चिकटतं, तेव्हा आत मलमलीचं अस्तर घाला आणि गळ्या-काखेत नेटची कड टोचत नाही ना हे तिला घरी दोन तास घालून बघा. लांब सोनेरी वेणी शिवली असेल तर ती सुटी ठेवा, पाळण्यावर काढून पिशवीत टाकता येईल. खाली मोजे आणि चालायचे बूट. राजकन्येच्या चकचकीत सपाता दुपारी दोनला कुणाच्या पिशवीत जातात हे प्रत्येक आईला माहीत आहे. आणि एक साधा फ्रॉक बरोबर असू द्या. कारण पोरींचा उत्साह झग्याइतका टिकाऊ नसतो.

राहिला पिवळा गाऊन. तो बॅगेतून नेऊ नका. कापू तर मुळीच नका. "उसवून हिला परकर-पोलकं करते" असा विचार रागाच्या भरात येईल. आला असेलच. थांबा.

त्याच डिस्नीकडे असे दिवस येतात की मोठ्यांनीही वेष करून यायचं असतं. अ‍ॅनाहाइमला शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर पार्कात २०१९ पासून हॅलोविनच्या दिवसांत 'ऊगी बूगी बॅश' नावाची रात्रीची पार्टी असते, वेगळ्या तिकिटाची. फ्लोरिडातल्या मॅजिक किंग्डममध्ये तशीच एक १९९५ पासून चालत आलेली आहे. तिथे त्रेचाळीस काय, त्र्याऐंशीच्या आजीनेही बेल व्हावं. अटी तरीही आहेत. मोठ्यांनी मुखवटा घालायचा नाही, खांद्यावरचा केप कमरेच्या खाली नको, टोकदार काही नको, खऱ्या शस्त्रासारखं दिसणारं काही नको, सगळ्या अंगाभोवती फुगलेला सांगाडा नको. आणि सर्वांत महत्त्वाचं, दुसऱ्या पाहुण्यांबरोबर फोटोला पोझ द्यायची नाही आणि सही करायची नाही. म्हणजे बघा, वेषाची मुभा देतानासुद्धा त्या चार वर्षांच्या पोरीची वही त्यांच्या डोळ्यांपुढून हटत नाही. पुढेमागे दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात आली आणि पुन्हा नणंदेकडे जाणं झालं, तर ही तारीख आधी बघा, कारण तिकिटं भराभर संपतात. तेव्हा कॅनकॅनचा एक थर कमी करा आणि तळाची दुमड घोट्यावर आणा.

जगभर हे सारखंच असेल असं मात्र समजू नका. टोकियोच्या डिस्नीलँडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांपर्यंत वर्षभर चालतं आणि मोठ्यांना फक्त हॅलोविनच्या ठरवून दिलेल्या दिवसांत, तेही डिस्नीच्याच पात्रांचे वेष. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या थीम पार्कांत उलटा कारभार. त्यांच्या हॅलोविनच्या भुताटकीच्या रात्री पाहुण्यांना वेष आणि मुखवटे पूर्ण बंद, कारण अंधारात पगारी भूत कोणतं आणि तिकीट काढून आलेलं कोणतं हे कळायला हवं. पण त्यांच्याच हॅरी पॉटरच्या गावात, नणंदेच्या घरापासून जवळ म्हणजे हॉलिवुडला २०१६ पासून आहे ते, तिथे वर्षभर काळे शाळकरी झगे घातलेली पन्नाशीची माणसं आरामात फिरतात. तिथे का चालतं? मला वाटतं, त्या झग्यात तुम्ही कुणी एक नावाचं पात्र होत नाही, शाळेतला एक विद्यार्थी होता. वर्गात आणखी एक पोर वाढलं तर कुणाचा भ्रम मोडत नाही. बेल मात्र एकच असते. लेकाला खरंच झग्यातच फिरायचं असेल तर एक दिवस तिकडे काढा.

आणि आपल्याकडे? कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांचं संमेलन, भारतात २०११ पासून भरतं, मुंबईतही भरतं, डोंबिवलीहून लोकलने जाण्यासारखं. तिथे कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष, करून आलेल्यांत नोकरदार माणसं पुष्कळ असतात, स्पर्धाही असते, आणि लोक तुम्हाला थांबवून विचारतात ते "या वयात?" असं नाही, "घेर कसा धरलात?" असं. घरी शिवलेल्या कपड्यांची खरी कदर शिवणाऱ्यांच्यातच होते. स्टार वॉर्सच्या चाहत्यांची '५०१ वी लीजन' नावाची एक पलटण आहे, १९९७ मध्ये सुरू झालेली. सगळी हौशी माणसं, चिलखतं घरच्या गॅरेजमध्ये बनवलेली. १ जानेवारी २००७ ला पॅसाडेनाच्या रोझ परेडमध्ये, तुमच्या नणंदेच्या घरापासून तास-दीड तासावर, ही माणसं ओळीने संचलन करत गेली. त्यांना कुणी हसलं नाही.

सासूबाईंच्या "आता या वयात?" वर मी जास्त बोलणार नाही. त्यात टोमणा असेल, किंवा त्यांनाही कधीतरी काही घालायचं राहून गेलं असेल. तुम्ही त्यांच्याबरोबर राहता, तुम्हाला सूर कळतो, मला कागदावरून कळत नाही. पण निघण्याआधी एखाद्या रविवारी गाऊन एकदा पूर्ण घाला, घरात, केस बांधून, आणि त्यांनाच मागचे हुक लावायला बोलवा. तेवढ्या घेराचे हुक एकटीला लागतच नाहीत.

नणंदेला मात्र तुमचं दुखलं हे कळवा, भांडण म्हणून नव्हे. "तू हसलीस ते लागलं गं," एवढं एक वाक्य पुरे. तिच्या घरी राहायचंय, ते मनात ठेवून राहिलात तर सॅटिनपेक्षा जास्त टोचेल.

आणि एक माझ्या स्वार्थाचं. ज्या उभ्या शिवणींच्या अंगाला आपल्याकडचे शिंपी पूर्वीपासून 'प्रिन्सेस कट' म्हणत आलेत, तो तुम्ही खऱ्या राजकन्येच्या गाऊनला बसवलाय. सॅटिन त्या शिवणीवर हमखास ओढलं जातं. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या ब्लाउजला नेमकं तेच झालंय, काखेखाली चुणी येते. तुम्ही आत काय लावलंत, कॅनव्हास की नुसतं अस्तर? पुढच्या पत्रात लिहा.